निळाईचा शेला आणि अकरा तांबे

शेला गुलाबी झाला आणि मांडवातल्या दोन-अडीचशे माणसांनी एकदमच श्वास आत ओढला.

बजाजनगर संपतं आणि कंपन्यांच्या भिंती सुरू होतात, तिथल्या मोकळ्या प्लॉटवर अळणी महाराजांचा दरबार भरायचा. दर गुरुवारी, पहिली पाळी सुटली की. वर पत्रे, मधोमध धुनी, धुनीच्या मागं शेंदूर फासलेली निळाई देवी आणि तिच्या खांद्यावर तो शेला, स्टोव्हच्या ज्योतीसारखा निळा. महाराज शेला उचलायचे, धुनीवरून तीनदा फिरवायचे आणि समोर बसलेल्या माणसाच्या नाकातोंडावर धरायचे. मग "निळाई, निळाई" असा एकशेआठ वेळा गजर. अंगात पीडा असली तर शेला गुलाबी व्हायचा. परत धुनीवर धरला की पुन्हा निळा. पीडा जळाली!

एखादा मात्र निर्मळ निघायचा. त्याच्या तोंडावर शेला अकराच नावं होईपर्यंत धरलेला असायचा आणि तो बहुतेक नगरसेवकाचा भाऊ नाहीतर मांडववाला असायचा. पण एवढं मोजतंय कोण?

आज शेल्याखाली आशाबाई होती आणि तिचा नवरा बद्रीनाथ शेजूळ खांबाला टेकून उभा होता. शेल्याच्या मधोमध गुलाबी डाग फुटला आणि पसरत गेला.

"बघ रे बेटा!" महाराज ओरडले. "तुझ्या बायकोचा श्वास बघ! आत कोण बसलंय ते बघ!"

"मी म्हनतच व्हते," बद्रीनाथची माय भागूबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "म्या ते लिंबू पाह्यलं तवाच म्हनलं."

लिंबाची गोष्ट अशी. आशाबाई घरामागच्या शेडमध्ये मेस चालवायची. चाळीस कामगार दोन्ही वेळचं जेवायचे. मे महिन्यात पत्र्याखाली दोन शेगड्या पेटल्या की तिथं माणूस उकडून निघायचं. होळीपासून तिचं डोकं दुखायचं, चक्कर यायची. आणि एक दिवस उंबऱ्यापाशी भागूबाईला पिळलेलं लिंबू सापडलं, वर लाल काहीतरी माखलेलं. संपलं! करणी!

महाराजांनी इलाज सांगितला, तोही ठेवणीतल्या आवाजात. "बेटा, मीठ म्हणजे काय? मीठ म्हणजे खुंटा! पीडा त्या खुंट्याला धरून अंगात राहते. खुंटा उपटला की तिला धरायला काय राहिलं? अकरा दिवस अळणी. मिठाचा कण पोटात गेला की व्रत मोडलं. आणि रोज अकरा तांबे तीर्थ. धुऊन काढायची पीडा, धुऊन! आठव्या दिवशी ती स्वतः बोलेल. नाव सांगेल, गाव सांगेल."

"मागच्या उन्हाळ्यात गंगापूरकडच्या दगडाबाईला तर मुक्तीच मिळाली," बायकांतून कुणी तरी म्हणालं, आणि सगळ्यांनी हात जोडले.

त्या दगडाबाईचा नवरा आप्पासाहेब तिथंच होता. साठीचा, पांढऱ्या टोपीचा, अबोल माणूस. बायको गेल्यापासून शेती भावाच्या हवाली करून तो इथंच सेवेला राहिला होता. तांबे भरून द्यायचं काम त्याचं. त्यानं पहिला तांब्या आशाबाईच्या हातात दिला आणि मायेनं म्हणाला, "एका दमात प्या, पोरी. आमच्या मंडळीनं आसंच पिलं व्हतं."

दरबार चातुर्मासात बंद असायचा. पावसाळ्यात निळाई माहेरी जाते म्हणे. देवीच्या माहेराला पावसाळाच का लागतो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बद्रीनाथलाही नाही. खोटं कशाला बोला, त्याचाही विश्वास बसला होता. डोळ्यांदेखत शेल्यानं रंग बदलला होता, आणखी काय पाहिजे?

तर व्रत सुरू झालं. सकाळी बिनमिठाची भाकरी, संध्याकाळी भाकरी-दूध आणि दिवसभर तांबे. मधल्या वेळात चाळीस माणसांचा स्वयंपाक, घामाच्या धारा.

पण स्वयंपाकीण अळणी म्हणजे वरण चाखणार कोण? तिसऱ्या दिवशी जेवणारी पोरं म्हणाली, "वहिनी, आज मीठ रुसलं का?" चौथ्या दिवशी म्हणाली, "वहिनी, आज मिठाचा डबाच उलटला का?" आशाबाई एरवी फटकळ. "फुकट जेवता का रे मेल्यांनो?" असं एकदा म्हटल्याशिवाय ती वाढायची नाही. पण त्या दिवशी ती नुसती बघत राहिली, जणू पोरं काय म्हणतायत ते तिच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

पाचव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. डोकं फुटायची वेळ आली. बद्रीनाथ म्हणाला, "माय, दवाखान्यात दाखवू का?"

"येडा का खुळा तू? पीडा सुटू राहिली!" भागूबाईनं आप्पासाहेबाला फोन लावला. तिकडून शांत आवाज आला, "व्हय, आमच्या दगडाबाईचंबी पाचव्या दिशी आसंच झालं. भिऊ नका. तांबे वाढवा."

तांबे पंधरा झाले.

सातव्या दिवशी आशाबाई शेगडीपुढं बसली आणि पोळी लाटायची कशी हेच तिला आठवेना. लाटणं हातात धरून ती रडायला लागली. बद्रीनाथनं लाटणं काढून घेतलं. तिचा हात गार आणि फुगलेला होता. बद्रीनाथला लई भ्या वाटलं, पण त्यानं स्वतःला समजावलं, की उद्या आठवा दिवस आहे, उद्या सुटेल.

गुरुवार उजाडला. दरबाराला दुप्पट गर्दी. पीडा बोलणार म्हटल्यावर कोण घरी बसेल? बद्रीनाथबरोबर त्याचा कंपनीतला दोस्त सांडूही आला होता. आशाबाईला दोघींनी धरून बसवलं. तिची मान एकीकडं कलली होती. महाराजांनी तिच्या कपाळाला भस्म लावून विचारलं, "बोल! कोण हायस तू?"

आशाबाईनं डोळे उघडले. समोरच्या बद्रीनाथकडं बघून ती लहान पोरीच्या आवाजात म्हणाली, "आबा, बैलं सोडली का? ढग आलेत."

मांडवाच्या अंगावर काटा आला.

"आबा!" महाराजांनी चिमटा आपटला. "नाव सांगितलं! आबा नावाचा मुंजा! बैलगाडीखाली मेलेला! पिंपळावर राहतो! बोल आबा, हिचं अंग सोडतोस का नाही?"

आणि इथंच बद्रीनाथच्या डोक्यात पहिल्यांदा खट्ट झालं. आबा म्हणजे त्याचा सासरा. पिशोरला चांगला धडधाकट बसलाय, दोन्ही वेळ जेवतोय. त्याची बैलं विकून दहा वर्षं झाली. मुंजा कसला, पिंपळ कसला? ही तर बापाच्या अंगणातली बोलू राहिली! माणूस ओळखायचं भान तिला उरलेलं नाही.

असं बोलणं त्यानं आधी एकदा ऐकलं होतं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, कंपनीत, भट्टीपुढं. तिथं उन्हाळ्यात साहेब लोक लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याचा पिंप ठेवायचे आणि प्या म्हणून मागं लागायचे. सांडूला ती चव आवडायची नाही. तो पाळीभर साधंच पाणी ढोसत राहिला, बाटलीवर बाटली. दुपारी पोटऱ्यांत गोळे आले, मग ओकला, मग सुपरवायझरला "मामा, म्हशीला पेंड टाकली का?" म्हणून विचारायला लागला. सगळे हसत होते. आणि हसता हसताच सांडू झटके देत खाली पडला होता.

बद्रीनाथनं मागं वळून पाहिलं. सांडूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बद्रीभाऊ," तो पुटपुटला, "हे मला झालं व्हतं तेच हाय. हे भूत नाय."

आप्पासाहेब भरला तांब्या घेऊन पुढं आला. "आता पाच एकदम पाजा," महाराज म्हणाले. "शेवटचा धक्का!"

आशाबाईचा डावा पाय उडायला लागला होता. तांब्या तिच्या ओठांना टेकला आणि बद्रीनाथनं तो हातानं उडवला. पाणी धुनीत पडलं, मोठा चर्रर्र आवाज झाला.

महाराज आवाज खाली आणून बोलले, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "व्रत मोडलंस बेटा. आता ही बाई सूर्य मावळायच्या आत जाईल. ते पाप तुझ्या माथी."

"ल्येका, पाया पडते, नको!" भागूबाईनं त्याचे पाय धरले. गर्दी उठून उभी राहिली. बद्रीनाथनं बायकोला उचललं, पण वाट कुणी देईना. देवीचा कोप घरी कोण नेणार? "खाली ठेव तिला," एक जण दरडावून म्हणाला. दुसऱ्यानं त्याचा दंड धरला. बद्रीनाथला वाटलं, ही माणसं हिला इथंच मरू देतील आणि वर हात जोडतील.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरका! उकळता चहा हाय! भाजलं तर मला म्हनू नका!"

दरबाराच्या दाराशी चहाची गाडी लावणारी साळूबाई भली मोठी किटली पुढं धरून घुसली होती. देवीचा कोप मोठा खरा, पण किटलीचा चटका लगेच बसतो. गर्दी फाटली. तिच्या मागून बद्रीनाथ बाहेर पडला, सांडूनं रिक्षा गाठली. बजाजनगरलगतच्या पंढरपूरच्या चौकापाशी आशाबाईला पहिला झटका आला.

दवाखान्यात डॉक्टर अंबिका पैठणकर होत्या. गेल्या वर्षी सांडूला त्यांनीच वाचवलं होतं. त्यांनी झटका थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "खाण्यात काय होतं?"

"अळणी, म्याडम. आठ दिवस."

"पाणी?"

"अकरा तांबे. मागून पंधरा."

डॉक्टरांनी तिथल्या तिथं रक्त काढून तपासायला पाठवलं. तासाभरात रक्ताचा रिपोर्ट आला. "सोडियम एकशे पस्तीसच्या वर हवं, शेजूळ. हिचं एकशे सात आहे. चोवीस तास मी काहीच वचन देणार नाही."

बद्रीनाथ भिंतीशी बसला. तिथूनच त्यानं विचारलं, "म्याडम, पाण्यानं मानूस मरतं का?"

"नुसत्या पाण्यानं मरू शकतं. नीट ऐका. मीठ पाण्यात विरघळलं की त्याचे कण सुटे होतात. प्रत्येक कणाला पाणी चहूबाजूंनी बिलगतं. आपल्या रक्तात असंच चाललेलं असतं. रक्तातलं पाणी त्या मिठाच्या बळावर रक्तात राहतं. आता हिचं मीठ घामातून गेलं, उलटीतून गेलं, खाण्यातून आलं नाही. आणि वरून ओतलं नुसतं पाणी. रक्त पातळ झालं. रक्तात पाण्याला धरून ठेवायला पुरेसं मीठच उरलं नाही, म्हणून ते पेशींमध्ये शिरलं. पेशी फुगल्या. हातापायाला फुगायला जागा आहे. मेंदूभोवती कवटी आहे, तो कुठं फुगणार? आधी डोकं दुखतं, मग उलटी, मग बरळणं, मग झटका. आणि मग..." त्या थांबल्या.

"मग मुक्ती," सांडू हळूच म्हणाला.

"मंग मीठ द्या ना लवकर!" बद्रीनाथ म्हणाला.

"थेंबाथेंबानंच द्यावं लागतं. घाईनं चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते. तुम्ही बसा. पाणी मात्र कुणी पाजायचं नाही."

बद्रीनाथला महाराजांचं बोलणं आठवलं. खुंटा! मिठाच्या खुंट्याला धरून पीडा नव्हती राहत, पाणी राहत होतं. आणि त्यानं स्वतःच्या डोळ्यांदेखत खुंटा उपटू दिला होता. तो तिथंच हमसून रडला. रडू दे. रडण्यासारखंच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आशाबाईनं नवऱ्याकडं नीट बघून विचारलं, "अहो, तुम्ही हितं, मंग मेसचं कोन बघू राहिलंय? चाळीस मानसं उपाशी ठिवली का?"

बद्रीनाथला हसावं का रडावं कळेना. लिंबाचं सांगितल्यावर तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "लाल माखलेलं? अवो, ती माझी लसनाची चटनी! पोरं ताटातल्या फोडी पिळून कुटंबी फेकत्यात. आत्याबाईंनी मला इचारायचं तरी व्हतं!"

भागूबाई खाटेच्या पायाशी बसली होती. खाली मान घालून तिनं सुनेचा पाय हातात घेतला आणि चेपत राहिली.

त्याच संध्याकाळी सांडू आला, खिशात कागदी पुडी घेऊन. आजारपणानंतर कंपनीनं त्याला भट्टीवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं होतं. "म्याडम, त्या गुरुवारी शेला जवळून पाह्यला आन् ओळखीचा वाटला. मशीनचे पार्ट येत्यात ना, त्या खोक्यांत ह्या पुड्या असत्यात. दमट लागू नये म्हनून. दाने निळे असत्यात. पावसाळ्यात आपोआप गुलाबी व्हत्यात. भट्टीत ठेवले की पुन्यांदा निळे."

डॉक्टर हसल्या. तीन दिवसांत पहिल्यांदाच. "कोबाल्ट नावाच्या धातूचं मीठ लावलेलं असतं त्याला. तेच त्या शेल्याला फासलेलं असणार. कोरडं असलं की निळं. पाणी त्याच्या कणांना बिलगलं की गुलाबी. श्वासात वाफ असतेच, माणूस आजारी असो की पैलवान. धुनीवर धरलं की पाणी उडून जातं. विषारी असतं ते, आणि हा महाराज ते तोंडावर धरतो!"

"म्हंजे हेबी मीठच?" बद्रीनाथनं विचारलं.

"हेही एक मीठच."

घ्या! साऱ्या जगाला मीठ सोडायला लावणाऱ्या अळणी महाराजांचं अख्खं संस्थान मिठावर उभं होतं. आणि देवी पावसाळ्यात माहेरी का जात होती, तेही कळलं. दमट हवेत शेला निळा राहीलच कसा?

पुढच्या गुरुवारी दरबार भरला होता. शेल्याखाली चतुराबाई नावाची नवीनच लग्न झालेली पोर बसली होती, आठव्या दिवसाची. चेहरा सुजलेला, नजर कुठंतरी लागलेली. बद्रीनाथ, सांडू आणि डॉक्टर आत शिरले. त्यांच्या मागं भागूबाई, आणि तिच्या मागं साळूबाई, किटलीसकट.

"आला का पापी?" महाराज गरजले. "बायको गेली ना?"

"मेसमधी पोरांना शिव्या देऊ राहिली," बद्रीनाथ म्हणाला. "महाराज, एकच मागनं हाय. ह्या किटलीच्या तोंडावर शेला धरून दाखवा."

"विटाळ होईल शेल्याला!"

पुढं काय झालं ते इतकं झटपट झालं, की महाराजांचा चिमटा वरच राहिला. भागूबाईनं, होय, सुनेला स्वतः इथं आणणाऱ्या भागूबाईनं, देवीच्या खांद्यावरून शेला ओढला आणि किटलीच्या वाफेवर धरला. गजर नाही, मंत्र नाही. पाच मोजेपर्यंत शेला गुलाबी.

"आता सांग रे मुडद्या," म्हातारी म्हणाली. "ह्या किटलीला कुनी करनी केली? हिच्या पोटात कोनचा मुंजा हाय?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दहा जण हसले. साळूबाई म्हणाली, "मुंजा नाय, आलं हाय," आणि सगळा मांडव हसला.

आप्पासाहेब मात्र हसला नाही. तो हातात तांब्या घेऊन डॉक्टरांपुढं उभा राहिला. डॉक्टर तोवर चतुराबाईची नाडी बघत तिच्या नवऱ्याला सांगत होत्या, की बिनमिठाचं खाणं आणि तांब्यांवर तांबे यानं रक्तातलं मीठ कसं उतरतं, माणूस आधी ओकतं, मग बरळतं, मग झटके देतं. महाराजांना सोडियम माहीत नसेल, पण सातव्या-आठव्या दिवशी माणूस बरळायला लागतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. पीडा बोलेल हे ते आधीच सांगायचे ते त्या जोरावर.

"बाई," आप्पासाहेब म्हणाला, "आमची दगडाबाई नवव्या दिशी गेली. तिलाबी झटके आले. मी शेवटचे पाच तांबे तोंड उघडून पाजले. ती दात आवळू राहिली व्हती. मला वाटलं, पीडा पिऊ देत नाय."

महाराज मागच्या पडद्याकडं सरकत होते, ते सांडूनं पाहिलं आणि वाट अडवून उभा राहिला.

"तिला दवाखान्यात नेलं असतं तर..." आप्पासाहेबानं विचारलं.

डॉक्टर खोटं बोलू शकल्या असत्या. बोलल्या नाहीत. "वाचली असती, आप्पासाहेब. बहुतेक वाचली असती."

आप्पासाहेबानं तांब्या खाली ठेवला. उपडा ठेवला. टोपी काढली, ती हातात चुरगाळत म्हणाला, "ती पिऊ देत नव्हती. मीच पाजलं. मला कुनी सांगायला पायजे व्हतं." मग तो महाराजांकडं न बघताच बद्रीनाथला म्हणाला, "पोलीस चौकी कुटं हाय? पयला जबाब माझा घ्या. मी काय केलं त्याचा."

चतुराबाई डॉक्टर आल्या त्याच रिक्षातून दवाखान्यात गेली आणि बरी होऊन आली. महाराजांवर गुन्हा दाखल झाला. दगडाबाई काही परत आली नाही.

तेव्हा बाबांनो, ज्याला रक्तदाब आहे त्याला डॉक्टर मीठ कमी करायला सांगतात, ते ऐका. ती वेगळी गोष्ट. पण घरचं माणूस ओकायला लागलं, बरळायला लागलं, तर त्याच्या तोंडून कोण बोलतंय ते विचारू नका. त्यानं काय खाल्लं, किती पाणी प्यालं, किती घाम गाळला ते विचारा आणि आधी दवाखाना गाठा. आणि दात आवळणाऱ्या माणसाला कुणी तांब्या लावत असेल, तर तो हात धरा. कुणी सांगायला पाहिजे होतं, असं आप्पासाहेब म्हणाला. आता तुम्हाला सांगितलंय.